धाकट्या भावाचा मेडिकल बोर्ड पुढच्या महिन्यात आहे. घरी येण्याआधी काय काय बघून घ्यावं?

खाडीकाठ, कळवा · ६ जुलै

नमस्कार. मी खारेगावात राहते. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. वय २९, नोकरी आठ वर्षं, हुद्दा लान्स नाईक. मागच्या डिसेंबरात अरुणाचलमध्ये रसद पोचवायला निघालेली त्यांची गाडी बर्फावरून घसरून खाली गेली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कमरेलाही मार बसलाय, पण त्याला चालता येईल. सध्या पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये आहे. तिथे कृत्रिम पाय लावून त्याला चालायला शिकवतायत. तिथल्या माणसांनी त्याला फार जपलंय, हे आधीच सांगते.

आता बोर्ड होणार, म्हणजे सैन्याचे डॉक्टर तपासून त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार, आणि तो बहुधा घरी येणार. चाळीतले लोक म्हणतात, दहा वर्षं झाली नाहीत, म्हणजे पेन्शन विसरा. मध्ये युनिटमधून कुणीतरी त्याला एक कागद पाठवला. हलक्या कामावर राहायचं नाही, असं लिहून द्यायचं म्हणे. त्याने अजून सही केलेली नाही. मी विचारलं तर म्हणतो, "ताई, जे लिहितील ते लिहितील."

आणखी एक गोष्ट इथे लिहिते, कारण घरात कुणाला बोलता येत नाहीये. अपघातापासून त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. फोन आपोआप डाव्या कानाला जातो. गेल्या महिन्यात आठ दिवस रजेवर आला होता, तेव्हा तीन रात्री घामाघूम होऊन उठून बसला. आईने विचारलं तर "उकडतंय" म्हणाला. डॉक्टरांना यातलं काहीही सांगितलेलं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला फक्त पाय दिसतो.

वडील नाहीत. हे सगळं मला बघायचंय आणि यातलं मला काही कळत नाही. कृपया सांगा.

जुना_फौजी, कोपरखैरणे · ६ जुलै

ताई, पहिल्यांदा चाळीतल्यांचं बोलणं डोक्यातून काढा. दहा वर्षांची अट सैन्याच्या सेवेशी संबंध नसलेल्या आजारामुळे घरी पाठवलेल्यांसाठी होती, आणि तीही २०२० च्या जुलैत संरक्षण मंत्रालयाने काही बाबतींत सैल केली. तुमच्या भावाला ड्युटीवर असताना दुखापत झाली आणि ती सेवेमुळे झाली असं मान्य झालं, तर बोर्डाने बाहेर काढल्यावर पेन्शनचे दोन भाग मिळतात. एक सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. सेवेच्या भागाला अशा वेळी किमान वर्षांची अट नसते. आठ काय, दोन वर्षं झालेल्या पोरांनाही मिळालंय.

सगळं अडतं ते "सेवेमुळे" या शब्दावर. कागदावर तो "अ‍ॅट्रिब्युटेबल" असा येतो. आधीचा आजार सेवेमुळे वाढला असेल तर "अ‍ॅग्रव्हेटेड". शब्दशः हे दोन शब्द शोधायचे. तो शब्द तिथे यावा म्हणून मागे तीन कागद लागतात. इंजुरी रिपोर्ट, फॉर्मचं नाव आयएएफवाय २००६. अपघाताची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे सैन्याची स्वतःची चौकशी, त्यात "ऑन ड्युटी" स्पष्ट पाहिजे. तिसरा बोर्डाचा स्वतःचा, एएफएमएसएफ १६. पहिले दोन युनिटकडून आत्ताच मागवा. युनिट एका जागेवरून दुसरीकडे हललं की जुन्या फायली कुठल्या ट्रंकेत जातात ते देवालाही सापडत नाही.

आता कानाचं. इथे मी थोडं जास्त लिहिणार, माफ करा.

मी तोफखान्यात २४ वर्षं काढली, सुभेदार होतो. निवृत्तीच्या आधी चार-पाच वर्षं माझ्या दोन्ही कानांत शिट्टी वाजायची. रिलीज बोर्डात डॉक्टरसाहेबांनी सरळ विचारलं, "काही त्रास?" मी ताठ उभा राहून म्हणालो, "नाही साहेब, फिट." घरी जायची घाई होती, आणि आपण तक्रार करणारे नाही हा ताठा होता. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असं लिहून मी बाहेर पडलो. आज नातवाशी बोलताना टीव्ही बंद करावा लागतो. नंतर दोन वेळा अर्ज केले. उत्तर एकच आलं, की सेवेतून जाताना अशी नोंद नाही. खोटं नाहीच ते, नोंद मीच करू दिली नव्हती.

शेप म्हणजे पाच गोष्टी: मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. बोर्ड या पाचही बघतो. भाऊ फक्त पाय दाखवून आला तर फक्त पायाच्या अपंगत्वाचे टक्के लिहिले जातील. त्याला सांगा, बोर्डाआधी तिथल्याच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे, मानसोपचार तज्ज्ञांना रात्रीचं सांग, कमरेचा एमआरआय फाइलला लावून घे. हे रडणं नाही. गाडीचा अपघात झाल्यावर जशी गाडीची यादी करतात तशी शरीराची यादी आहे.

घोडबंदर_रोड · ७ जुलै

माझ्या ओळखीत एक जण आहे, बोर्डाचे टक्के वाढवून देतो. थोडे पैसे घेतो, पण काम होतं. हवा असेल तर मेसेज करा.

जुना_फौजी, कोपरखैरणे · ७ जुलै

ताई, या माणसाला मेसेज करू नका. टक्के असे वाढत नाहीत, आणि खोट्या कागदामुळे खरं पेन्शनही चौकशीत अडकतं. घोडबंदरवाले, तुमचा हेतू चांगला असेल, पण जखमी पोराच्या घरी असली माणसं पाठवू नका.

नौपाडा_वकील · ७ जुलै

आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या मुंबई खंडपीठासमोर अशी प्रकरणं मी चालवते. सुभेदारसाहेबांनी पाया नीट सांगितलाय, त्यावर चार गोष्टी जोडते.

तो सहीचा कागद. खालच्या मेडिकल कॅटेगरीतल्या जवानाला हलक्या कामावर, म्हणजे शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर ठेवता येतं. त्याला खरंच राहायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. पण "वैद्यकीय बोर्डाने बाहेर काढलं" आणि "स्वतःच्या इच्छेने गेला" यांत पुढे मोठा फरक पडतो. जवानाला साध्या सेवा पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. आठव्या वर्षी "स्वेच्छेने" हा शब्द कागदावर आला, की आम्हाला तो शब्द खोडून काढायला कोर्टात वर्षं घालवावी लागतात. म्हणून सही करण्याआधी कागदाचा फोटो मला किंवा कुणाही जाणकाराला दाखवा. त्याला राहायचं आहे का, हे आधी त्यालाच विचारा. कृत्रिम पाय लावून सेवेत राहिलेले जवान आणि अधिकारी सैन्यात आहेत.

टक्के. बोर्डाने बाहेर काढलेल्याचे टक्के वर ओढून धरतात. ५० च्या खाली असतील तर ५० धरतात, ५० ते ७५ असतील तर ७५, त्यावर १००. राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला हा फायदा पूर्ण नोकरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही दिला. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. अपंगत्व असूनही नोकरी पूर्ण करणाऱ्याला आता "इम्पेअरमेंट रिलीफ" मिळतो. तुमचा भाऊ बोर्डाने बाहेर पडला तर त्याचं अपंगत्व पेन्शनच राहतं.

प्रवर्ग. हा सगळ्यात दुर्लक्षित रकाना आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात दुखापतींचे ए ते ई असे प्रवर्ग आहेत. ड्युटीवरचा अपघात सहसा सी मध्ये जातो. शत्रूची कारवाई, सुरुंग आणि सरकारने खास अधिसूचित केलेल्या मोहिमा ई मध्ये येतात. समजा शेवटचं वेतन ४०,००० आहे आणि टक्के ६० आले, म्हणजे ७५ धरले. सी मध्ये अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ७५ ला ९,०००. ई मध्ये तोच भाग युद्धजखमेचा होतो आणि १०० टक्क्यांना पूर्ण वेतन, म्हणजे ७५ ला ३०,०००. सेवेचा भाग आणि महागाई भत्ता याशिवाय. एका अक्षराने एवढं बदलतं. तुमच्या भावाची गाडी कुठल्या मोहिमेच्या नावाखाली चालली होती, हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर आत्ता विचारा.

नकार आला तर पहिलं अपील सहा महिन्यांत. ते फेटाळलं तर दुसरं, मग ट्रायब्युनल. बोर्डाच्या कागदांची प्रत मिळणं त्याचा हक्क आहे. ती न घेता हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पडू नका.

ऐरोलीचा_सॅपर · ८ जुलै

खाडीकाठताई, मी तुमच्या भावासारखाच आहे. उजवा पाय, गुडघ्याखाली, सहा वर्षं झाली. पेन्शनचं वरच्यांनी सांगितलंच. मी रोजचं सांगतो.

पहिल्या वर्षात उरलेला पाय आकसतो. पुण्यात मापाने बसवलेलं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, चार-पाच महिन्यांत सैल होतं. घाबरू नका, मोजे वाढवायचे आणि परत पुण्याला जाऊन मापं द्यायची. माजी सैनिक झाल्यावरही आर्टिफिशियल लिंब सेंटरचा दरवाजा बंद होत नाही. १९४४ पासून हेच काम करतायत ते. ठाण्याहून सकाळची इंद्रायणी पकडा.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. लायनरच्या, म्हणजे सॉकेटच्या आतल्या मऊ आवरणाच्या, आत घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि दोन दिवसांत फोड. फोड आला की पाय काढून ठेवायचा आणि कुबड्या घ्यायच्या. मी "होईल बरं" म्हणत ठाणे स्टेशनचा पूल चढत राहिलो आणि दीड महिना अंथरुणावर पडलो. दुपारी एकदा लायनर काढून पुसायला जागा मिळेल अशीच नोकरी बघायला सांगा.

घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तो येण्याआधी कमोड बसवून घ्या. मी हे माझ्या आईला सांगायला लाजलो होतो, म्हणून तुम्हाला सांगतो.

आणि नसलेला पाय दुखतो. बोटं चेपल्यासारखी, कधी वीज गेल्यासारखी. तो तुम्हाला सांगणार नाही, वेड लागलं म्हणाल असं त्याला वाटत असेल. तुम्हीच सहज म्हणा, "अरे, असं होतं म्हणे बऱ्याच जणांना."

फिजिओ_वाशी · ८ जुलै

सॅपरदादांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. त्या दुखण्याला औषधं आहेत, आरशासमोरचे व्यायाम आहेत. घरच्यांसाठी एकच सांगते. प्रेमाने गुडघ्याखाली उशी देऊ नका. गुडघा वाकलेलाच आखडला की कृत्रिम पाय नीट बसत नाही. दिवसातून दोनदा वीसेक मिनिटं पालथं झोपू द्या, कमरेच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं नसेल तर.

सकाळची_ड्युटी, घणसोली · ९ जुलै

माझा दीर खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये आहे. १९७४ पासून ते केंद्र मणक्याने अधू झालेल्या जवानांसाठी चालतं. तुमच्या भावाला देवदयेने तेवढं नाही. पण खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासूनची, जखमी जवानांना काम शिकवणारी. चौकशी करून ठेवा. घरी येऊन नुसतं बसला की माणूस आतून बसतो, ते आम्ही बघितलंय.

ईसीएचएसबद्दल सांगते. माजी सैनिकांच्या उपचाराची ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. कार्ड येईपर्यंत थांबू नका, ऑनलाइन अर्ज केल्यावर मिळणारी तात्पुरती पावती चालते. युद्धात जखमी झालेल्यांना वर्गणी माफ असते, बाकीच्यांना एकदाच भरावी लागते. आईला त्याच्यावर अवलंबून दाखवता येईल, तिचं स्वतःचं उत्पन्न महिना ९,००० आणि महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल तर. नेहमीच्या उपचाराला आधी ईसीएचएसचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं रुग्णालय. इमर्जन्सीत थेट जाता येतं, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायलाच हवं. आमच्याकडून एकदा ते राहिलं. पॅनेलवर नसलेल्या एका खासगी रुग्णालयाचं पूर्ण बिल सासऱ्यांच्या एफडीतून गेलं. दुसऱ्या दिवशी एक फोन केला असता तर वाचलं असतं.

हॉस्पिटलमध्ये असेपर्यंत मागे अख्खी फौज उभी असते. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच कुणीतरी. घरी आल्यावर एका सोमवारी सकाळी सगळे कामाला जातात आणि तो भिंतीकडे बघत एकटा राहतो. त्या सोमवारची तयारी आधी करा. कागद त्यानंतर.

नौपाडा_वकील · ९ जुलै

कागद आणि सोमवार दोन्ही एकत्रच करावं लागेल, ताई, कागदांना मुदती आहेत. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा अपंगत्व लाभ पेन्शनपेक्षा वेगळा असतो आणि त्याचा दावाही वेगळा जातो. ज्या बँकेत पगार येत होता तिथे डिफेन्स सॅलरी पॅकेजचा अपघात विमा होता का, ते लगेच विचारा. याची मुदत लोकांना कळते तेव्हा ती संपलेली असते.

दिवा_ईस्ट · १० जुलै

माझा मुलगा अग्निवीर आहे. त्याला असं काही झालं तर?

जुना_फौजी, कोपरखैरणे · १० जुलै

दादा, अग्निवीरांचे नियम वेगळे आहेत. दुखापत सेवेमुळे झाली असं ठरलं तर टक्क्यांप्रमाणे एकरकमी मदत मिळते: १०० ला ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. शिवाय चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी. आयुष्यभराचं पेन्शन नाही. म्हणून त्याला आजच सांगून ठेवा, साधा पाय मुरगळला तरी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद करायची. माझ्या मनाला ही तफावत लागते. एकाच गाडीतून दोघे पडले तर दोघांच्या आयांचं दुःख सारखंच आहे.

खाडीकाठ, कळवा · १२ जुलै

सगळ्यांचे आभार. काल पुण्याला जाऊन आले. सॅपरदादांनी लिहिलेलं मोबाइलवर त्याला वाचायला दिलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अंगठा दुखतो ताई, जो नाही तोच." सात महिन्यांत पहिल्यांदा बोलला.

हलक्या कामावर राहायचं का, हेही विचारलं. त्याचं उत्तर पक्कं आहे. त्याला घरी यायचंय, पण "स्वेच्छेने" लिहून नाही. कागद वकीलताईंना पाठवलाय.

नौपाडा_वकील · १३ जुलै

वाचला. या शब्दांत सही करू नये. मी मसुदा पाठवते, तो युनिटला द्या.

खाडीकाठ, कळवा · १९ ऑगस्ट

बोर्ड झाला. तुम्ही सगळे विचारत होतात म्हणून सविस्तर लिहिते.

पाय, कंबर, उजवा कान, या तिन्हींची नोंद झाली. ऑडिओमेट्रीत ऐकू येणं बरंच कमी निघालं. डॉक्टर त्याला म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंस. मानसोपचार तज्ज्ञांकडे तो दोनदा गेला. तिथलं निदानही फाइलला आहे आणि गोळ्या सुरू आहेत. चारही गोष्टींसमोर "अ‍ॅट्रिब्युटेबल" लिहिलंय. एकत्रित टक्के ७५ च्या वर आहेत. प्रवर्ग मात्र सी आला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मोहिमेचं नाव आहे, ते पान आम्हाला मिळालंय. वकीलताई म्हणतात, अपिलात मांडू. प्रत हातात घेऊनच निघालो.

जुना_फौजी काका, तुमच्या कानाची गोष्ट मी त्याला सांगितली होती. बोर्डाच्या खोलीत जाताना तो म्हणाला, "सुभेदारसाहेबांची चूक नाही करत."

आता ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायचंय. दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडी कार्डासाठी, वेगळी तपासणी असते का?

जुना_फौजी, कोपरखैरणे · १९ ऑगस्ट

हो पोरी, वेगळी असते. सैन्याच्या बोर्डाचे टक्के पेन्शनसाठी. यूडीआयडीचे टक्के सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे ठरवतात. दोन आकडे जुळले नाहीत तर भांडू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. रेल्वे सवलतीची चौकशी सोबतच करा. कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत, त्याला ते लागेल. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आला की जन्मतारीख, हुद्दा, टक्के आणि आईचं नाव, चारही अक्षर अक्षर तपासा. बोर्डाने बाहेर काढल्यामुळे पेन्शनच्या दोन्ही भागांवर आयकर नाही, तो कापला जात नाही ना, ते बघा.

त्याने कान लिहून घेतला, हे वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

फिजिओ_वाशी · २० ऑगस्ट

दहीहंडीचे दिवस आले. ठाण्यातले डीजे दोन चौक सोडूनही छातीत वाजतात. त्याला आधी विचारा, घरी थांबायचंय की त्या दिवशी गावी जायचंय. रात्री फार त्रास झाला तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

खाडीकाठचा_भाऊ · २४ ऑगस्ट

नमस्कार. ताईच्या मोबाइलवरून खातं काढलंय. सॅपर सर, एक विचारायचं होतं. तीन पदरी मोजा घातला तरी सॉकेट संध्याकाळी सैल लागतं आणि सकाळी घट्ट. सकाळी एकच घालून निघू का? आणि कळवा स्टेशनला दिव्यांगांचा डबा नेमका कुठे येतो?

ऐरोलीचा_सॅपर · २४ ऑगस्ट

सर नको रे, दादा म्हण. सकाळी एक घालून निघ, दुसरा खिशात ठेव, सैल वाटलं की चढव. खुबा दुखायला लागेपर्यंत थांबू नकोस. डबा कुठे थांबतो ते लिहून कळणार नाही. मी शनिवारी नऊला कळव्याला येतो, दोघं मिळून ठाण्यापर्यंत एक फेरी मारू. हाफ पँट घाल, सॉकेटचा काठ बघायचाय मला.

खाडीकाठचा_भाऊ · २४ ऑगस्ट

हो दादा. तिकीटघराच्या बाजूला थांबतो.